तोंडातील चामखिळीसारख्या वाढींवरील शस्त्रक्रिया

ओठ, जीभ, टाळू, पडजीभ किंवा गालाच्या आतील अस्तरावर उगवलेली खरखरीत, फुलकोबीसारखी वाढ बुडासकट काढून टाकण्याचा हा उपचार. अशा बऱ्याच वाढींमागे मानवी पॅपिलोमा विषाणू असतो. स्क्वॅमस पॅपिलोमात (अस्तराच्या पेशींपासून होणारी निरुपद्रवी वाढ) त्याचे ६ व ११, नेहमीच्या चामखिळीत प्रामुख्याने २ व ४, तर हेक रोगात १३ व ३२ हे प्रकार आढळतात. हेक रोगातील चपट्या, अनेक वाढी पुष्कळदा आपोआप जिरतात. चावताना आड येत नसतील तर त्यांना सुरी लावण्याची घाई करू नये.

एकटा पॅपिलोमा दुखत नाही आणि सहसा १ सेंटिमीटरच्या आतच राहतो. लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचे इंजेक्शन वाढीत न टोचता तिच्या कडेला देतात, म्हणजे तपासणीसाठी ऊतक विस्कटत नाही. मग भोवतीचे १–२ मिलिमीटर निरोगी अस्तर घेऊन छेद देतात. जिभेवर किंवा ओठावर एक-दोन टाके पुरतात. कठीण टाळूचे अस्तर मात्र हाडाला घट्ट चिकटलेले असते, त्यामुळे तिथली जखम बहुधा उघडी ठेवतात. ती तळातून भरून येते.

कार्बन डायऑक्साइड लेझर आणि विद्युतदहन यांनी रक्तस्राव कमी होतो, पण धुरात विषाणूचे अंश असू शकतात. म्हणून धूर ओढून घेणारे यंत्र आणि योग्य मास्क हवाच. द्रव नायट्रोजनने (−१९६ अंश सेल्सिअस) वाढ गोठवताही येते. मात्र गोठवलेले किंवा पूर्ण जाळलेले ऊतक तपासता येत नाही, आणि या पद्धतींची खरी उणीव तीच. काढलेला तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये घालून विकृतिशास्त्रज्ञाकडे गेलाच पाहिजे, मग तो कितीही निरुपद्रवी दिसो.

कारण व्हेरुकस कार्सिनोमा हा कर्करोगही चामखिळीसारखाच दिसतो. लॉरेन अ‍ॅकरमन यांनी १९४८ मध्ये त्याचे वर्णन केले. तंबाखू चघळणाऱ्यांत तो विशेष आढळतो. त्याच्या पेशी वरवर इतक्या साळसूद असतात, की उथळ बायॉप्सी फसवते. नमुन्यात वाढीचे बूड आणि त्याखालचे ऊतक यावे लागते. निदान पक्के झाले की अधिक रुंद सीमेने छेदन करतात.

साधा पॅपिलोमा नीट काढल्यावर क्वचितच परततो. एचआयव्ही बाधितांत किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत वाढी अनेक असतात व पुन्हा उगवतात, त्यामुळे त्यांची नियमित तपासणी चालू ठेवावी लागते.