अठरा पूर्ण झाले, तरी मतदार यादीत नाव का येत नाही?

६१ वी घटनादुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून लागू झाली आणि अनुच्छेद ३२६ मधलं मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं. त्याच अनुच्छेदातली एक अट मात्र कुणी वाचत नाही: अठरा वर्षं कायद्याने ठरवलेल्या तारखेला पूर्ण हवीत. मतदानाच्या दिवशी पूर्ण होऊन उपयोग नाही. हा अर्हता दिनांक पूर्वी फक्त १ जानेवारी होता. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार आहेत. जन्म २ एप्रिल २००८ चा असेल, तर १ एप्रिल २०२६ एका दिवसाने हुकते आणि थेट १ जुलै धरावी लागते. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज घेतात; तो भरून ठेवा.

अर्ज म्हणजे फॉर्म ६, ऑनलाइन किंवा बीएलओकडे (बूथ लेव्हल ऑफिसर, म्हणजे तुमच्या मतदान केंद्राच्या यादीचं काम पाहणारा कर्मचारी). फोटो आणि वयाचा पुरावा (जन्मदाखला, आधार, पॅन यांपैकी काहीही) सहसा अडत नाही. अडतो तो पत्ता. वीजबिल घरमालकाचं आणि भाडेकरार नुसता नोटरी केलेला, ही नेहमीची गत. करार नोंदणीकृतच लागतो. मात्र आई, वडील किंवा जोडीदार त्याच पत्त्यावर मतदार असतील तर त्यांच्या नावाचं बिल चालतं, हे काउंटरवर कुणी आपणहून सांगत नाही! काहीच नसेल तर बीएलओने घरी येऊन पडताळणी करायची असते. त्या दिवशी घराला कुलूप असलं की अर्ज लटकलाच, म्हणून मोबाइल नंबर चालू असलेलाच द्या. वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांनी कॉलेजच्या प्रमुखांचं प्रमाणपत्र जोडावं.

गावाकडे आधीच नाव असेल तर फॉर्म ६ भरू नका. स्थलांतरासाठी फॉर्म ८ आहे. ‘कुठेच नाव नाही’ असं खोटं लिहून दिलं, तर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करणाऱ्यांसाठी: उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद. फॉर्म ६ च्या छाननीत दिवस जातात, तेव्हा त्या तारखेच्या बरंच आधी तो पोचायला हवा. महापालिका, जिल्हा परिषदेचं गणित आणखी वेगळं. ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने या निवडणुका राज्य निवडणूक आयोगाकडे गेल्या. आयोग विधानसभेचीच यादी घेतो, पण स्वतः ठरवलेल्या तारखेची. महाराष्ट्रात २०२५ मध्ये ती १ जुलै होती. त्यानंतर नोंदवलेल्यांची नावं त्या यादीत नव्हती.

अर्ज नाकारला तर कारण लेखी मागा. आदेशापासून १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.