ॲक्वाटिक आणि खारा: दोन वेगळे परफ्यूम, दोन वेगळी माणसं

समुद्री परफ्यूम लावणारा माणूस म्हणे मोकळा, साहसी आणि मनाने अथांग. परफ्यूम विकणारं कुठलंही पान उघडा, हे वर्णन ठरलेलं. वाचून वाचून वीट आला आहे, कारण त्यात दोन वेगळ्या जातींचे परफ्यूम बिनदिक्कत एकत्र केलेले असतात. एक ॲक्वाटिक, दुसरा खारा. दोघांचा वास वेगळा, घडण वेगळी, आणि ते आवडीने लावणारी माणसंही वेगळी.

ॲक्वाटिक तुमच्या ओळखीचाच आहे. निळी किंवा पारदर्शक बाटली, फवारल्याबरोबर नुकती आंघोळ झाल्याचा गारवा. दाविदॉफचा कूल वॉटर (१९८८), इस्से मियाकेचा लो दिस्से (१९९२), अरमानीचा पुरुषांसाठीचा ॲक्वा दी जिओ (१९९६). यातला एक तरी तुम्ही ऑफिसात किंवा लोकलच्या डब्यात हुंगलेला असणार.

ओ द तॉयलेत की ओ द पार्फ्यूम, पुरुषांचा की बायकांचा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पहिल्यात अर्क सहसा कमी, दुसऱ्यात जास्त, एवढंच. स्त्री-पुरुष ही दुकानातल्या मांडणीची सोय आहे, तुम्हाला आवडेल तो लावा.

खरा घोळ पुढे आहे. ॲक्वाटिकमध्ये जे पाणी जाणवतं ते समुद्राचं नसतं. बहुतेक वेळा ते कॅलोन नावाच्या एका रेणूचं काम असतं. हा रेणू १९६६ मध्ये फायझर या औषध कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांना सापडला आणि नव्वदच्या दशकात परफ्यूमच्या दुकानांवर त्याचंच राज्य आलं. कॅलोन लावलेली कागदी पट्टी नाकाशी धरा. आधी कलिंगड येतं, पण लाल गराचं नाही, सालीलगतच्या पांढऱ्या, पाणचट भागाचं. मग काकडी. थोडं थांबलात की मागून धातूची एक बारीक धार येते, नुकत्याच फोडलेल्या कालवाची. समुद्राशी नातं काय ते त्या धारेपुरतं. कूल वॉटरमध्ये तर मोठा वाटा डायहायड्रोमायर्सेनॉलचा आहे. लिंबू-लव्हेंडरच्या वळणाचा हा रेणू कपडे धुण्याच्या साबण-पावडरींत सर्रास वापरतात. परफ्यूमकार पियेर बूर्दों यांनी तो सुरेखच बांधला आहे, पण त्यात लाटा शोधू नका. त्यात धुतलेला शर्ट आहे.

मग समुद्राचा वास कशाचा? मिठाचा तर मुळीच नाही. मीठ साध्या तापमानाला उडून नाकापर्यंत येत नाही, म्हणून त्याला वास नसतो. ओठांवर खारट लागतं ते वाऱ्याबरोबर आलेल्या तुषारांमुळे. किनाऱ्यावर जो वास येतो तो सजीवांचा असतो. पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पतींमधलं एक गंधकयुक्त द्रव्य जिवाणू फोडतात आणि डायमिथाइल सल्फाइड हवेत सुटतं. कोबी शिजताना येणाऱ्या वासातही तेच असतं. काही समुद्रपक्षी या वासाच्या मागावर भक्ष्य शोधतात. त्यात शैवालांची स्वतःची गंधद्रव्यं मिसळतात, आणि समुद्रातल्या मासळीला तिची खास चव देणारी ब्रोमोफिनॉल्सही. म्हणजे खरा समुद्र थोडा गंधकी, थोडा कुजका, थोडा औषधी असतो. फळांशी त्याचा काही संबंध नाही.

शिवाय समुद्र सगळीकडे सारखा नाही. ॲक्वा दी जिओ सुचला तो पँटेलेरियावरून. सिसिली आणि ट्युनिशियाच्या मधलं हे इटालियन बेट, तिथे अरमानी यांचं घर होतं. भूमध्य समुद्राला भरती-ओहोटी बहुतेक ठिकाणी नावापुरती, पाणी नितळ, त्यातली पोषकद्रव्यं कमी. मुंबईत उधाणाला पाणी साडेचार-पाच मीटरपर्यंत चढतं. ते उतरलं की खडपं, शेवाळ, खाजणातला काळा चिखल, सगळं उघडं पडून उन्हात तापतं, आणि वर्सोव्याला त्यात बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांची भर. हर्णैचा किंवा वेंगुर्ल्याचा माणूस ॲक्वाटिक हुंगून ‘यात समुद्र कुठाय?’ विचारतो, तेव्हा त्याचं नाक अगदी बरोबर असतं.

खारा परफ्यूम या दुसऱ्या समुद्राकडे जातो. हीली या ब्रँडचा सेल मारँ घ्या. वर लिंबू आहे, पण ते ओसरलं की खाली शैवाल, मॉस, सीडर आणि आपला वाळा. मीठ बाटलीत घालून उपयोग नाही, म्हणून खारेपणाचा भास उभा करावा लागतो. शैवालाचा अर्क ओलेपणा आणतो, मॉस आणि वाळा कोरडा, मातकट बूड देतात, वर अँब्रॉक्सनसारखं एखादं द्रव्य त्वचेलगत रेंगाळतं. यातलं कौशल्य मला कॅलोनच्या गारव्यापेक्षा कितीतरी मोठं वाटतं. ज्यांना एकदम एवढं झेपणार नाही त्यांनी ‘जो मलोन’ या ब्रँडच्या वुड सेज अँड सी सॉल्टपासून (२०१४) सुरुवात करावी. समुद्रातली वस्तू सुगंधात वापरणं आपल्याकडे नवीन नाही. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतल्या गंधयुक्तीत, म्हणजे सुगंध बनवण्याच्या प्रकरणात, नख, म्हणजे शिंपल्यांच्या जातीचं द्रव्य, पुन्हा पुन्हा येतं.

अँब्रॉक्सनचं नाव निघालं की कुणीतरी ‘व्हेलची उलटी’ म्हणतंच. ती म्हणजे अँबरग्रिस, ज्याच्या वासाची जागा अँब्रॉक्सन घेतो. अँबरग्रिस स्पर्म व्हेलच्या आतड्यात तयार होतो. तो बाळगणं आणि विकणं भारतात गुन्हा आहे, कोकणात पकडलेल्या तस्करीच्या बातम्या आपण वाचतोच. अँब्रॉक्सन बनवायला व्हेल लागत नाही, क्लॅरी सेज या वनस्पतीतल्या द्रव्यापासून तो तयार करता येतो.

आता लावणाऱ्याबद्दल. ऐंशीचं दशक दणदणीत परफ्यूमचं होतं. १९८१ चा जॉर्जिओ बेव्हर्ली हिल्स, १९८५ चा दिओरचा पॉयझन. माणूस निघून गेला तरी वास खोलीत ठाण मांडून बसायचा. ॲक्वाटिक आला तो या गोंगाटानंतर, आणि म्हणूनच तो लावणाऱ्याला साहसी म्हणणं मला साफ चुकीचं वाटतं. त्याला शेजारच्याच्या नाकाला त्रास द्यायचा नसतो. बंद केबिन, गच्च भरलेला डबा, मुलाखतीची खोली, सगळीकडे आपण स्वच्छ आणि नेमस्त वाटावं एवढीच त्याची इच्छा. हा भिडस्तपणा आहे, आणि गर्दीच्या शहरात तो मोठा गुण आहे. त्याला वादळाशी झुंजणारा दर्यावर्दी ठरवून जाहिरात त्याचा खरा गुणच झाकून टाकते.

खारा लावणाऱ्याला ‘हा कसला वास?’ या प्रश्नाची अडचण वाटत नाही. अंगाला अंगाचा वास असतो हे त्याने मान्य केलेलं असतं. किनारपट्टीच्या दमट हवेत दुपारपर्यंत घाम येणारच. तेव्हा ॲक्वाटिकमधलं कलिंगड घामापासून वेगळं पडतं आणि शिळं वाटू लागतं, पण मॉस आणि शैवाल घामात मिसळून जातात. ऑक्टोबरच्या उकाड्यात मी डोळे मिटून खाराच निवडेन.

विकत घेण्याआधी कागदी पट्टीवर विश्वास ठेवू नका. मनगटावर फवारा, दुकानाच्या एसीतून बाहेर पडा, अर्धा तास उन्हात फिरा आणि मग हुंगा. काकडी-कलिंगड टिकून असेल तर तो ॲक्वाटिक, बाटलीवर शिंपला असो की जहाज. आणि भेट द्यायचा असेल तर ॲक्वाटिक खुशाल द्या, पण खारा परफ्यूम समोरच्याला हुंगायला दिल्याशिवाय कधीही घेऊ नका.