औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी पडला?

नवापूर, धडगाव, साक्रीकडच्या काही ख्रिस्ती मंडळ्यांत एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: प्रार्थना झाली की गोळ्या बंद करायच्या, नाहीतर विश्वास कमी पडला. आधार दिला जातो तो बायबलमधल्या याकोबाच्या पत्राचा, 5:14. पण ते वचन नीट वाचा. दुखणाइताने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, असं तिथं आहे. वैद्याकडे जाऊ नका, असं कुठेच नाही.

हिज्कीया राजाचं उदाहरण तर फारच बोलकं. "मी तुला बरं करतो" असं देवाने आधी सांगितलं, आणि तरीही यशया संदेष्ट्याने गळवावर अंजिरांचा लेप बांधायला लावला (2 राजे 20). खुद्द देवाचा शब्द मिळाल्यावरही लेप लागलाच! प्रेषित पौलाचा सोबती लूक वैद्य होता. पोटासाठी थोडा द्राक्षारस घे, असं आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पौलच लिहितो.

टीबीच्या गोळ्या मध्येच सोडल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात, घरातल्या लेकराबाळांनाही लागण होऊ शकते. म्हणून पाळकांना कळकळीची विनंती: डोक्यावर हात ठेवून जरूर प्रार्थना करा, आणि आजची गोळी घेतली का, तेही तिथंच विचारा.