बेळगावची सायकल: किर्लोस्करांच्या दुकानापासनं स्मार्ट रोडपर्यंत

रविवारी पहाटे जांबोटी रोडला गेलात तर हेल्मेट, चड्डी, मागं लुकलुकणारी लाल लाईट असे पंधरा-वीस सायकलवाले हमखास दिसतात, आणि परवा चहाच्या गाड्यावर एकजण म्हणाला की हे सगळं पुण्या-बेंगळूरचं फॅड, आपल्याकडं कुठली सायकल. मला हसूच आलं, कारण आम्ही चहा पीत उभे होतो किर्लोस्कर रोडवर.

तर तिथनंच सुरू करतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर आपल्याच जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८६९. मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकलमध्ये मास्तर होते, आणि नोकरीत असतानाच तिकडं सायकली विकत घेऊन बेळगावला थोरल्या भावाकडं, रामूअण्णांकडं पाठवायचे. किर्लोस्कर ब्रदर्सची स्थापना १८८८ची धरतात ती या सायकलच्या दुकानावरनंच. पुढं मुंबईत बढती डावलली म्हणून नोकरी सोडून ते बेळगावलाच आले. तेव्हाची सायकल म्हणजे कलेक्टर, वकील, फारतर एखादा सावकार असल्यांचं काम, साध्या माणसानं नुसतं बघायचं. दुकानाच्या जोडीला मग कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला. लोखंडानं जमीन नासते म्हणून शेतकरी नांगराला हात लावीनात, पण ती वेगळी गोष्ट.

आपल्या कामाचं पुढंच आहे. गावाला नवं उपनगर वाढवायचं ठरलं आणि कारखान्याची जागा सोडायची पाळी आली. औंधच्या राजांनी जागा दिली म्हणून १९१० मध्ये सगळा बाडबिस्तरा कुंडलजवळच्या माळावर, म्हणजे आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. ते उपनगर म्हणजे ठळकवाडी, आत्ताची टिळकवाडी. सायकलवाल्याला उठवून वसवलेलं उपनगर आणि पुढं त्याच भागात पहिलं गेट, दुसरं गेट, तिसरं गेट अशी रेल्वे फाटकं, जिथं अख्ख्या गावानं आयुष्यातले किती तास घालवले देव जाणे.

गेटावरची सायकल ज्यानं बघितली नाही त्याला सांगून कळायचं नाही. उद्यमबागेत फौंड्री आणि मशीन शॉप वाढले तसं अनगोळ, मजगाव, वडगाव, शहापूरकडनं कामगार सायकलनं जायचे, हँडलला डबा, कॅरिअरला घडी घातलेला रेनकोट. गेट पडलं की स्कूटरवाले इंजिन बंद करून उभे, आणि सायकलवाला शांतपणे उतरून सायकल एका बाजूला कलती करायचा, पहिल्यांदा हँडल दांड्याखालनं सारायचा, मग सीट, मग स्वतः वाकून पलीकडं. बेकायदेशीर आणि धोक्याचं, मान्यच. पण शिफ्टला पाच मिनिटं उशीर झाला की पगार कापला जायचा, त्याला तो तरी काय करणार.

आम्ही पोरं भाड्याच्या सायकलवर शिकलो. मडगार्डवर पांढऱ्या रंगानं नंबर, तासाच्या हिशोबानं पैसे, उंची पुरत नाही म्हणून दांडीच्या आतनं पाय घालून हाफ पायंडल, आणि गुडघा फुटला तरी आधी चेन बघायची कारण दुरुस्ती आपल्याच खिशातनं.

बेळगावच्या सायकलचा आणखी एक अवतार आहे जो दुसऱ्या गावात सापडायचा नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार प्रांतरचनेत बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. तेव्हापासनं इथली मराठी माणसं हा दिवस काळा दिवस म्हणून पाळतात, आणि त्या दिवशी काळे कपडे, काळे झेंडे घेऊन निघते ती सायकल फेरी. त्याच दिवशी चन्नम्मा सर्कलला राज्योत्सवाची, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापना दिनाची गर्दी. राजकारण कुणाला पटो न पटो, वर्षभर माळ्यावर धूळ खात पडलेली सायकल अनेक घरात त्या फेरीसाठीच खाली यायची, आदल्या दिवशी पंक्चरवाल्याकडं हवा भरायला रांग.

मग सायकल गेली कुठं? लोक आळशी झाले वगैरे मला पटत नाही. बाईक हप्त्यावर मिळायला लागली, शाळा लांब गेल्या, आणि रस्ता रुंद करताना नेमकी सायकलवाल्याची कड गेली. सरकारनं २००६-०७ पासनं आठवीच्या मुलामुलींना सायकली दिल्या, खानापूर तालुक्यात त्यावर किती पोरी हायस्कूलला गेल्या, पण कोरोनात ती योजना बंद पडली. जून २०२३ ला शक्ती योजना आली, बायकांना बस फुकट. चांगलीच गोष्ट, फक्त बसला पाय ठेवायला जागा नाही आणि आतल्या गावांना अजून वडापच, म्हणजे माणसं कोंबून नेणारी खासगी गाडी.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचं नाव आलं, तेव्हा आता सायकलला बरे दिवस येतील असं वाटलं होतं. काही रस्त्यांच्या कडेला सायकलसाठी पट्टा आखला पण. आज तिथं कार लावलेल्या असतात, नाहीतर भेळेची गाडी. त्याच सुमाराला टिळकवाडीतल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली झाडं वाचवायला लोक रस्त्यावर आले, तिकडं हलगा-मच्छे बायपासला सुपीक जमीन जाते म्हणून शेतकरी कोर्टात भांडत होते. झाडंवाले, शेतकरी आणि सायकलवाले ही तीन भांडणं वेगवेगळी चालली, खरं तर एकच आहेत की, कडेच्या माणसाची जागा कुणी घ्यायची.

आणि फाटकांच्या जागी आता पूल होतायत. कपिलेश्वरच्या पुलावर सकाळी सातला उभं राहून बघा, दोन्ही बाजूला दुधाचे कॅन लावलेला गवळी चढावर उतरतो, डावा हात हँडलला, उजवा सीटला, आणि अख्खा पूल ढकलत चढतो, मागनं हॉर्न वाजत असतात. पूल आखताना त्याला कुणी विचारलं होतं म्हणे? पूर्वी दांड्याखालनं वाकून दोन मिनिटात पलीकडं जायचा.