दिवेलागणीनंतर उरलेला दाणा उंदराचाच

सिद्धेश्वराची गड्डा यात्रा सरली की सोलापूरच्या परसात उन्हाळी भाजीची वेळ होते. जानेवारीच्या अखेरीपासून मार्चच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत भेंडी, गवार, चवळी, दोडका, काकडी टोकली तर एप्रिलची काहिली सुरू होण्याआधी वेल मांडवावर चढतात. नेमकी त्याच सुमाराला शिवारात ज्वारीची काढणी चालू असते. ताटं भुईला टेकली की रानातल्या उंदरांचं खाणं आणि आडोसा एकदम जातो, आणि ते वस्तीकडे सरकतात. ज्यांच्या परसात कोंबड्या आहेत तिथे त्यांना दाणा, पाणी आणि कडब्याची गंज असं सगळं एका जागी मिळतं.

आधी आलंय कोण, ते ओळखावं. घरउंदीर चढणारा. तो माळवदाच्या मातीत, आढ्याला, मांडवावर राहतो. घूस जमीन पोखरते आणि बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग टाकते. दोडक्याच्या बियांवर रात्रीत डल्ला मारणारा बहुधा लहान घरगुती उंदीर असतो. लांब नाकाची, चिरचिर आवाज करणारी चिचुंद्री मात्र उंदरांच्या कुळातली नाहीच. ती झुरळं आणि किडे खाते, तिला मारायचं कारण नाही.

बिळात कोणी राहतं का, हे बघायची जुनी रीत अजूनही सगळ्यात भरवशाची आहे. संध्याकाळी सगळी बिळं ओल्या मातीने लिंपावीत. सकाळी जी उघडलेली दिसतील तेवढीच चालती. सापळे तिथेच लावायचे, बाकीच्यांवर वेळ घालवायचा नाही.

आता मुख्य गोष्ट. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही. सूर्य कलला की ती दांडीवर जाऊन बसते आणि उजाडेपर्यंत दाण्याला तोंड लावत नाही. उंदराचा दिवस तिथून सुरू होतो. म्हणून दिवेलागणीनंतर भांड्यात जे उरतं ते कोंबडीचं खाद्य राहतच नाही. मोठा उंदीर दिवसाला साधारण १५ ते २५ ग्रॅम धान्य खातो. बंदिस्त कोंबडीला दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. म्हणजे पाच-सहा उंदरांनी एका कोंबडीचा वाटा खाल्ला, आणि खाल्लं त्याहून जास्त लेंड्या-मुताने नासवलं. त्यातून साल्मोनेलाचे जंतू कोंबड्यांत आणि पुढे अंड्यांत जातात. लेप्टोस्पायरोसिस हा उंदराच्या मुतातून पसरणारा ताप तर माणसालाही होतो.

यावर उपाय साधा आहे, पण रोज करावा लागतो. संध्याकाळचं खाद्य सूर्यास्ताच्या दीड तास आधी द्यावं आणि कोंबड्या वीस मिनिटांत संपवतील एवढंच द्यावं. परसात चरणाऱ्या सहा कोंबड्यांना दिवसभराचं मिळून ३०० ते ४०० ग्रॅम पुरतं. दाणे मातीत भिरकावू नयेत. पसरट ट्रेमध्ये किंवा गोणपाटावर टाकावेत, म्हणजे उरलेले झाडून उचलता येतात. खाद्याचं पोतं भिंतीशी ठेवायचं नाही, प्लास्टिकच्या पिंपातही नाही. उंदराचे पटाशीचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि ते झिजवायला त्याला कुरतडावंच लागतं. एका रात्रीत तो प्लास्टिकला भोक पाडतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबाच हवा. अंडी अंधार पडायच्या आत उचलावीत. पाण्याचं भांडंही रात्री उपडं घालावं आणि पहाटे भरावं. उन्हाळ्यात कोंबडीला दिवसा अर्धा लिटरपर्यंत पाणी लागतं, त्यात मात्र कुचराई नको.

खाद्य उचलायला लागल्यावर पहिला आठवडाभर उंदीर जास्तच दिसतात, कुरतडणंही वाढतं. पुष्कळजण इथेच कंटाळून सोडून देतात. खरं तर सापळ्याची वेळ हीच, कारण भांड्यात आयता दाणा असताना चापातल्या तुकड्याकडे उंदीर ढुंकून बघत नाही. नव्या वस्तूची त्याला मुळातच धास्ती असते. म्हणून चाप पहिले तीन दिवस न ताणता, नुसतं आमिष लावून ठेवावा. भिंतीला काटकोनात आणि आमिषाची बाजू भिंतीकडे, कारण उंदीर भिंतीला अंग घासत चालतो. आमिषाला शेंगदाण्याचा कूट थोड्या तेलात मळून घ्यावा. तो चिकटून बसतो, ओढून नेता येत नाही. सोलापुरी शेंगाचटणी मात्र लावू नये. तिखटाने उंदीर मागे सरतो. चाप वीट-फरशीच्या बोगद्यात ठेवावा, नाहीतर सकाळी कोंबडीचाच पाय त्यात अडकतो.

तिखटावरून एक गोष्ट सांगायलाच हवी. मिरचीतलं कॅप्सायसिन उंदराला आपल्यासारखंच झोंबतं, कोंबडीला अजिबात झोंबत नाही. २००२ मध्ये अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत याचं कारण सापडलं. तिखट आणि उष्णता ओळखणारा जो ग्राहक-प्रथिनाचा रेणू सस्तन प्राण्यांत असतो, तोच कोंबडीतही असतो, पण थोड्या वेगळ्या बांधणीचा. त्यामुळे उष्णता त्याला कळते, कॅप्सायसिन कळत नाही. याच ग्राहकावरच्या कामासाठी ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल पारितोषिक मिळालं. म्हणून काहीजण कोंबडीच्या खाद्यात मिरचीपूड मिसळतात. शास्त्र बरोबर आहे, पण यावर विसंबू नये. मिसळताना उडालेली पूड आपल्याच नाका-डोळ्यांत जाते, आणि तिखट लावलं म्हणून खाद्य रात्रभर बाहेर ठेवणं ही चूकच.

खुराड्याच्या जाळीत बहुतेकांची फसगत होते. बाजारात कोंबड्यांसाठी म्हणून मिळणारी षटकोनी जाळी कोंबडीला आत ठेवते, उंदराला बाहेर ठेवत नाही. लहान उंदराला ६ मिलिमीटरची फट पुरते, मोठ्याच्या पिल्लाला १२ मिलिमीटरची. उंदीर जाळीवर चढतात, म्हणून खालपासून वरपर्यंत पाव इंची चौकोनी वेल्डेड जाळी लावावी. तार किमान १ मिलिमीटर जाड हवी. ही जाळी जमिनीत एक फूट खाली न्यायची आणि तिथे बाहेरच्या बाजूला आणखी एक फूट आडवी मुडपायची. उंदीर आणि घूस भिंतीच्या बुडाशीच उकरायला लागतात. जाळी लागली तरी फूटभर मागे येऊन नव्याने उकरत नाहीत. चर मात्र मुरूम आणि दगडांनी भरावी. आपली काळी माती एप्रिल-मेमध्ये भेगाळते आणि त्या भेगा म्हणजे तयार रस्ता. जुन्या माती-दगडाच्या भिंतीतली भोकं काचेचे तुकडे घालून सिमेंटने बुजवावीत.

विषाबद्दल स्पष्ट सांगायला हवं: कोंबड्या असलेल्या परसात झिंक फॉस्फाइड आणूच नये. पोटातल्या आम्लाशी त्याचा संयोग झाला की फॉस्फीन हा विषारी वायू सुटतो. उंदराला ओकता येत नाही म्हणून तो मरतो. कोंबडीनेही तेच दाणे टिपले तर ती वाचत नाही. त्यावर उतारा नाही. शिवाय कमी मात्रा खाऊन वाचलेला उंदीर ती चव ध्यानात ठेवतो आणि पुन्हा तोंड लावत नाही. ब्रोमाडिओलोनच्या वड्यांनी रक्त गोठायचं थांबतं. चार-पाच दिवसांनी मरत असल्यामुळे उंदरांना संशय येत नाही. पण झिंगलेला उंदीर उघड्यावर येतो. त्याला मांजर खातं, गव्हाणी घुबड उचलतं, कोंबड्या टोचतात. विषाचा अंश अंड्यातही उतरू शकतो. घुबड आणि धामण हे आपले फुकटचे राखणदार आहेत, त्यांना विष घालून कसं चालेल?

बागेच्या बाजूने पाहिलं तर कोंबडी उपकारही करते आणि उच्छादही. कोवळी रोपं वीतभर होईपर्यंत जाळीच्या कड्यात ठेवावीत. वेल मांडवावर गेले की सकाळी तासभर कोंबड्यांना खाली सोडावं, बुडाशी मात्र विटांचं कडं हवं. फळमाशीने डंख मारलेली काकडी, दोडकी गळतात, अळ्या मातीच्या वरच्या थरात शिरून कोषात जातात आणि कोंबड्या नेमके तेच उकरून खातात.

विष्ठा ताजी टाकू नये. तिच्यातल्या युरिक आम्लापासून अमोनिया होतो आणि मुळं जळतात. एक घमेलं विष्ठेला तीन घमेली वाळला पाला किंवा कडब्याची कुट्टी, ढीग निदान तीन फूट लांब-रुंद-उंच. आत ५५ अंशांवर ताप टिकला की रोगजंतू मरतात. सोलापूरच्या उन्हात ढीग वरून वाळतो आणि थंड पडतो, आणि कोरड्या थंड ढिगात घूस पिल्लं घालते. वरून ओलं गोणपाट घालावं आणि आठवड्याला ढीग परतावा. मूठभर खत दाबल्यावर हात ओला व्हावा, पाणी ठिबकू नये. अमोनियाचा दर्प आला तर पाला कमी पडलाय. भाकरी-भात त्यात टाकायचा नाही. कच्ची विष्ठा मातीत गेलीच, तर तिथली मेथी, कोथिंबीर, मुळा चार महिने खाऊ नये.

ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडतात त्या दातांपायी आणि तहानेपायी. पाणी संध्याकाळी न देता पहाटे द्यावं, म्हणजे रात्री नळ्या कोरड्या राहतात.

मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. पिशवी हातात घालून उचलावा, दोन फूट खोल पुरावा. लेंड्या कोरड्या झाडू नयेत, आधी ब्लीचच्या पाण्याने भिजवाव्यात. जाळी, चर आणि बुजवलेली भोकं मृग लागायच्या आत पुन्हा एकदा तपासावीत. पहिल्या मोठ्या पावसात रानातली बिळं पाण्याने भरतात आणि उंदरांची दुसरी लाट तेव्हा घराकडे येते.