हातात काहीतरी असणं वेगळं, हात अडकलेले असणं वेगळं

26 जानेवारी जवळ आली की देवगडच्या बाजूच्या एका शाळेत मी एनसीसीच्या मुलांची कवायत घेतो, आणि दर वर्षी एकच सबब ऐकतो: "सर, हात भरलेले होते, म्हणून सॅल्यूट नाही केला." गावातली मोठी माणसंही हेच धरून बसलेली असतात, की हातात सामान असलं म्हणजे सॅल्यूट माफ. तसं नाही. हा गोंधळ आता तरी मिटावा.

साधा सॅल्यूट सगळ्यांना येतो, त्यात वेळ घालवत नाही. पंजाचंही थोडक्यात सांगतो. लष्करात तळवा समोरच्याला दिसतो, नौदलात तो खाली वळलेला असतो, आणि हवाई दलाने 2006 पासून या दोहोंच्या मधला तिरका पंजा घेतला. 4 डिसेंबर 2023 ला तारकर्लीला नौदल दिन झाला, तेव्हापासून मला खूप जणांनी विचारलं, की नौदलवाले तळवा का लपवतात? जुन्या जहाजांवर दोरखंडांच्या डांबराने खलाशांचे हात काळे व्हायचे, ते वरिष्ठाला दिसू नयेत म्हणून, अशी परंपरेने सांगितली जाणारी गोष्ट आहे. होडीला डांबर फासलेल्या माणसाला ती वेगळी समजवावी लागत नाही.

आता खरी अडचण. गेल्या वर्षी झेंडावंदनाला एक कॅडेट उजव्या हातात दोन फायली घेऊन पाहुण्या अधिकाऱ्यांच्या समोरून सरळ निघून गेला. नंतर त्याला बाजूला घेतलं.

"हात भरलेले होते सर."

"कुठला हात?"

"उजवा."

"आणि डाव्यात काय होतं?"

तो गप्प. डावा हात नुसता लोंबत होता.

याला हात अडकलेले म्हणत नाहीत. हातातली वस्तू डाव्या हातात जाते का, एवढंच स्वतःला विचारायचं. जात असेल, तर अधिकारी जवळ पोचण्याआधी ती डाव्यात घ्यायची आणि उजव्याने नीट सॅल्यूट करायचा. फाईल, पिशवी, पाण्याची बाटली, मोबाइल, यातलं काहीही सॅल्यूट चुकवायचं कारण होऊ शकत नाही. मोबाइलचं कारण सांगणाऱ्याचा तर मला फार राग येतो.

खुर्च्यांची चळत, सरबताच्या ग्लासांचा ट्रे, दोघांनी धरलेलं स्ट्रेचर, हे मात्र खरोखर दोन्ही हातांचं काम. तिथे हात उचलायचा नाही. पण मुलं इथेच दुसरी चूक करतात. सूट हाताला मिळालेली असते, मान द्यायच्या कर्तव्याला नाही. चालत असाल तर पाठ ताठ, मान झटक्यात अधिकाऱ्याकडे वळवायची, नजरेला नजर द्यायची आणि स्वच्छ आवाजात "जय हिंद सर" म्हणायचं. उभे असाल तर टाचा जुळवून सावधान, ट्रे हलू न देता. त्याच कार्यक्रमात एका मुलीने कोकम सरबताचे ग्लास घेऊन हे इतकं सुंदर केलं, की एक थेंबही सांडला नाही, आणि अधिकारी थांबून तिला "शाबास" म्हणाले. मी तर म्हणेन, त्या दिवसाची सगळ्यात चांगली मानवंदना तिचीच होती.

ट्रे घाईघाईने जमिनीवर ठेवून सॅल्यूट ठोकणं मला पटत नाही. खाली वाकलेल्या माणसाचा सॅल्यूट कसला? वस्तूसकट हात वर नेणं त्याहून वाईट. सप्टेंबर 2014 मध्ये बराक ओबामांनी हेलिकॉप्टरमधून उतरताना हातातल्या कपासह मरीन सैनिकांना सॅल्यूट केला, त्यावर अमेरिकेत केवढा गहजब झाला! ते गणवेशातले नव्हते, त्यांना सॅल्यूटची सक्तीही नव्हती. पण कप डाव्या हातात घेतला असता तर कुणी बोललं नसतं.

डाव्या हाताने सॅल्यूट करू नका. अमेरिकेच्या नौदलात उजवा हात जायबंदी असेल तर डाव्याची मुभा आहे, त्यांच्याच लष्करात ती नाही. व्हिडिओ बघून मुलं ते उचलतात. तुम्ही उजव्यानेच करा.

डोक्यावर टोपी नसेल तर मुळात हाताने सॅल्यूटच नाही, मग हात रिकामे असोत की भरलेले. सावधान व्हा, जय हिंद म्हणा. मे महिन्यात सुटीवर आलेला जवान साध्या कपड्यांत, खांद्यावर आंब्याची पेटी घेऊन एस.टी.तून उतरतो आणि समोर त्याचे जुने सुभेदारसाहेब दिसतात, तेव्हा तो तेवढंच करतो, आणि ते बरोबरच असतं.

मुलांना मी एक सवय लावतोय: गणवेश चढवला की घरापासूनच पिशवी डाव्या हातात. पहिले चार दिवस विसरतात. पाचव्या दिवशी बाजारातून येतानाही पिशवी आपोआप डाव्या हातात दिसते.