बेने इस्रायली दफनभूमी (रायगड जिल्हा)

रायगड जिल्ह्यातील किनाऱ्यालगतच्या आणि खाडीकाठच्या गावांत बेने इस्रायल या मराठीभाषक ज्यू समाजाच्या लहान लहान दफनभूमी आहेत. अलिबाग, रेवदंडा, मुरूड, पेण, पनवेल, रोहा-अष्टमी या परिसरांत त्या विखुरलेल्या आहेत. अलिबागच्या उत्तरेस किहीम-थळच्या पट्ट्यात समुद्राजवळ असलेली नवगावची दफनभूमी समाजाच्या परंपरेत सर्वांत जुनी मानली जाते. जिल्ह्याचे नाव १९८१ पर्यंत कुलाबा असल्याने जुन्या कागदपत्रांत या गावांचा उल्लेख कुलाबा जिल्ह्याखाली सापडतो. एकेका गावातली चार-दोन घराणी, त्यांच्या पिढ्या, सोयरिकी आणि नोकऱ्या या थडग्यांवर नोंदलेल्या आहेत. बहुतेक घराणी आता त्या गावांत राहत नाहीत. त्यामुळे गावाच्या इतिहासाचा हा भाग वाचायचा तर दगडांकडेच जावे लागते.

नवगावचे महत्त्व समाजाच्या उगमकथेत आहे. या कथेनुसार फार पूर्वी इस्रायली लोकांचे एक जहाज कोकण किनाऱ्याजवळ फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचून किनाऱ्याला लागल्या. लाटांबरोबर आलेली प्रेते नवगावला पुरली. पुरुषांची एका उंचवट्याखाली, स्त्रियांची दुसऱ्या. जहाज कधी आणि कोठून आले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. समाजात रुळलेली समजूत इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाकडे बोट दाखवते, तर काही संशोधक पुष्कळ नंतरचा काळ सुचवतात. कथेचा काळ ठरो वा न ठरो, नवगावचे उंचवटे हे समाजाने पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे ठेवलेले ठिकाण आहे. आपली सुरुवात एखाद्या राजवाड्यात वा देवालयात न शोधता समुद्राने आणलेल्या अनोळखी मृतांच्या सामाईक कबरीपाशी शोधणारा समाज विरळाच. या जागी समाजाने स्मारकही उभारले आहे.

जुन्या कबरींवर अक्षरे नसतात. न घडवलेल्या काळ्या दगडांची रास किंवा कडेने लावलेले धोंडे एवढीच त्यांची खूण. यामागचे कारण समाजाच्या इतिहासात आहे. कोकणात स्थिरावलेले हे लोक तेलाचा घाणा चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत. शब्बाथ (शनिवारचा विश्रांतीचा दिवस), सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘शमा’ ही प्रार्थना त्यांनी जपली होती. हिब्रू वाचन-लेखन मात्र राहिले नव्हते. दावीद राहाबी या व्यक्तीने त्यांना ज्यू म्हणून ओळखले, धर्माचे शिक्षण दिले आणि काही घराण्यांना काजी, म्हणजे धर्मविधी चालवणारे, नेमले, असे परंपरा सांगते. पुढे कोचीनच्या ज्यूंशी संबंध वाढले आणि तिकडचे शिक्षक कोकणात व मुंबईत येऊ लागले. १७९६ मध्ये सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, यांनी मुंबईत समाजाचे पहिले सिनेगॉग (ज्यू प्रार्थनास्थळ) बांधले. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या शाळांतूनही अनेक मुले हिब्रू शिकली. जॉन विल्सन यांनी तर १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता, पण बेने इस्रायलांनी त्यातून भाषा घेतली आणि आपला धर्म अधिक पक्का केला. त्यानंतर रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९) आणि पेण (१८६३) येथे सिनेगॉग उभी राहिली. गावकरी आणि समाजातले लोकही मराठीत त्यांना मशीद म्हणत. थडग्यांवर हिब्रू अक्षरे रुजली ती याच काळात. एकाच आवारात एका बाजूला मूक धोंडे आणि दुसऱ्या बाजूला कोरीव शिळा दिसतात, त्या दोहोंमधले अंतर हे या शिक्षणाचे अंतर आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील किंवा विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील एखादे थडगे नीट पाहिले तर त्यावर दोन मजकूर दिसतात, काही ठिकाणी तीन. वर हिब्रू, खाली मराठी, क्वचित जोडीला इंग्रजी. हिब्रू मजकुराच्या माथ्यावर पे आणि नून ही दोन अक्षरे असतात. ‘येथे पुरले आहे’ या शब्दांचे ते संक्षिप्त रूप. शेवटी ताव, नून, त्सादे, बेत, हे अशी पाच अक्षरे येतात. शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकातील (२५:२९) वचनावर आधारलेली ती प्रार्थना आहे: मृताचा आत्मा जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो. जगभरच्या ज्यू थडग्यांवर हीच अक्षरे आढळतात. म्हणजे वरचा अर्धा भाग वाचून हे थडगे पोलंडमधले की पेणचे, हे सहजी सांगता येत नाही.

ते सांगतो खालचा मराठी मजकूर. हिब्रू रिवाजात माणसाची ओळख ‘अमक्याचा मुलगा’ एवढीच असते, तिथे आडनावाला स्थान नाही. मराठी ओळीत मात्र स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा पूर्ण क्रम येतो, आणि आडनाव गावावरून पडलेले असते: नवगावकर, किहीमकर, झिराडकर, पेझारकर, चौलकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, तळकर, वाकरूळकर. रोह्याच्या दफनभूमीत झिराडकर आढळला तर ते घराणे केव्हातरी अलिबागकडून सरकले हे लक्षात येते. घाण्यासाठी, शेतीसाठी किंवा सोयरिकीसाठी कुटुंबे हलली, तरी आडनावात मूळ गाव राहिले.

स्त्रियांच्या थडग्यांवर या दोन मजकुरांचा खरा उपयोग कळतो. हिब्रू ओळीत ती सर्वसाधारणपणे वडिलांची मुलगी म्हणून येते आणि मराठी ओळीत नवऱ्याची पत्नी म्हणून, सासरच्या आडनावासह. एकाच दगडावर माहेर आणि सासर दोन्ही मिळतात. वंशावळ जुळवणाऱ्याला याहून मोलाची नोंद दुसरीकडे मिळणे कठीण, कारण त्या काळच्या मराठी कागदपत्रांत लग्नानंतर बाईचे माहेर बहुधा गळून जाते. वंशावळीच्या अनेक याद्या फक्त खालचा मजकूर उतरवून घेतात आणि अर्धी माहिती दगडावरच ठेवतात. ही मोठी हानी आहे.

नावांच्या बाबतीतही दोन्ही मजकूर एकमेकांना पूरक आहेत. सामाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल, अबाजी म्हणजे अब्राहाम, मुसाजी म्हणजे मोशे, अशा जोड्या समाजात रूढ होत्या. आजोबा सामाजी आणि नातू सॅम्युएल, असा बदल एका कुटुंबाच्या ओळीने लावलेल्या थडग्यांत तीन पिढ्यांत घडलेला दिसू शकतो. वर हिब्रूत मात्र दोघेही शमुवेलच. मराठी वा इंग्रजी नावावरून हे दोन वेगळ्या घरचे वाटले असते.

हिब्रू वर्ष अक्षरांतून लिहिले जाते, कारण प्रत्येक अक्षराला संख्यामूल्य असते. ताव ४००, रेश २०० आणि आयिन ७० अशी अक्षरे असतील तर बेरीज ६७० होते. हजाराचा ५ हा आकडा अनेकदा गृहीत धरून सोडलेला असतो, म्हणजे वर्ष ५६७०. या लहान बेरजेत १२४० मिळवले की इसवी सन मिळते, इथे १९१०. पण ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होते, त्यामुळे तिश्री, हेश्वान, किस्लेव हे महिने आणि तेवेतची सुरुवात आधीच्या इसवी सनात पडते. तेव्हा त्यातून एक वजा करावा लागतो. ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, हेही विसरता येत नाही. रात्री दहाला मृत्यू झाला असेल तर हिब्रू तारीख इंग्रजी तारखेच्या नेहमीच्या मेळापेक्षा एक दिवस पुढची येते. वरच्या आणि खालच्या तारखेत एका दिवसाचा फरक दिसला म्हणून पाथरवटाने चूक केली असे लगेच ठरवू नये.

झिजलेल्या दगडावर खरा धोका सारख्या दिसणाऱ्या अक्षरांचा असतो. दालेत (४) आणि रेश (२००) यांत फक्त उजव्या कोपऱ्याचा फरक आहे. बेत (२) आणि काफ (२०) यांचेही तसेच. हे (५) आणि हेत (८) यांच्यात डाव्या पायाच्या वरची बारीक फट तेवढी वेगळी. ती फट शेवाळाने भरली की मृत्यूचे साल तीन वर्षांनी पुढे सरकते आणि वंशावळीत बाप-लेकांचा हिशेब बिघडतो. खालची मराठी तारीख शाबूत असेल तर हा घोळ तिथल्या तिथे सुटतो.

थडग्यांवरच्या हुद्द्यांत समाजाचा आर्थिक प्रवास दिसतो. अठराव्या शतकापासून बेने इस्रायल मोठ्या संख्येने ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत गेले आणि त्यांतले अनेक देशी अधिकारी झाले. निवृत्त शिपाई, जमादार, सुभेदार पेन्शन घेऊन गावी परतत. पुढे रेल्वे, टपाल, शाळा, इस्पितळे आणि सरकारी कचेऱ्यांतल्या नोकऱ्यांनी समाज मुंबई, ठाणे, पुणे, कराचीकडे वळला. गावातल्या दफनभूमीत शहरातल्या माणसांच्या कबरी कमी होत जाण्याचे कारण हेच; ज्यू रिवाजात दफन शक्यतो लवकर, जमल्यास त्याच दिवशी करायचे असते.

मृतांशी गावाचे नाते फक्त दफनभूमीपुरते नव्हते. योम किप्पुर हा उपवासाचा दिवस समाजात दारफळणीचा सण म्हणून ओळखला जाई. या सणाला पूर्वजांचे आत्मे घरी येतात अशी समजूत होती आणि दुसऱ्या दिवशीच्या शिळ्या सणाला ते परत जातात असे मानून दानधर्म केला जाई. भोवतालच्या पितृपक्षाशी असलेले साम्य उघड आहे. तरी दफन, हिब्रू प्रार्थना आणि कबरीची चिरंतनता याबाबत समाज ठाम राहिला. ज्यू धर्मशास्त्रानुसार कबरीतले अवशेष सहसा हलवत नाहीत आणि ती जागा दुसऱ्या कामाला लावत नाहीत. त्यामुळे वस्ती उठली तरी दफनभूमी जागच्या जागी राहिली. आणखी एक वेगळेपण असे, की बेने इस्रायलांत कोहेन आणि लेवी ही पुरोहित घराणी परंपरेने नव्हती. युरोपातल्या कोहेनांच्या थडग्यांवर दिसणारी आशीर्वादाच्या दोन पंजांची खूण इथे न दिसण्याचे हे कारण.

१९४८ मध्ये इस्रायल राष्ट्र स्थापन झाल्यावर स्थलांतर सुरू झाले. विसाव्या शतकाच्या मध्याला वीस हजारांच्या आसपास असलेला समाज भारतात आज काही हजारांवर आला आहे आणि तोही मुख्यतः मुंबई-ठाण्यात. रामले, लोद, अश्दोद, दिमोना, बेरशेबा येथे मराठी बोलणारी कुटुंबे वसली. ‘मायबोली’ हे मराठी नियतकालिकही इस्रायलमधून निघू लागले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यूंना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला. गावोगावच्या दफनभूमींची देखभाल मात्र जवळच्या सिनेगॉगमधल्या मोजक्या कुटुंबांवर आणि परदेशातून आजोबा-पणजोबांची कबर शोधत येणाऱ्या वंशजांवर अवलंबून आहे.

दगडाचा प्रकार टिकाऊपणा ठरवतो. काळा बेसाल्ट कोकणातला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस वर्षानुवर्षे सोसतो, पण कठीण असल्याने त्यावरची अक्षरे उथळ कोरलेली असतात. जांभ्यावर बारीक अक्षर टिकत नाही, म्हणून तो कट्ट्याला आणि कुंपणाला वापरतात. विसाव्या शतकात संगमरवरी पाट्या आल्या. त्या सुरुवातीला देखण्या दिसतात, पण पावसाने पृष्ठभाग साखरेसारखा रवाळ होतो आणि अक्षरांत भरलेले शिसे गळून पडते. सर्वांत जास्त नुकसान वड-पिंपळाच्या मुळांनी होते. फटीत रुजलेले रोप दोन-चार पावसाळ्यांत शिळा उलथून टाकते. रोप कोवळे असतानाच काढणे हाच उपाय. मुळे जाड झाल्यावर ओढून काढली तर चुन्याच्या दरजा निघून जोतेच ढासळते.

अक्षरे उठून दिसावीत म्हणून दगडावर खडू, कोळसा किंवा रंग फासण्याची पद्धत घातक आहे, कारण घासताना उथळ कोरीव काम आणखी झिजते. तारेचा ब्रश आणि आम्ल तर संगमरवराला काही मिनिटांत निकामी करतात. साधे पाणी, मऊ ब्रश आणि तिरपा उजेड पुरेसा असतो: सकाळी लवकर किंवा उन्हे कलल्यावर, नाहीतर आरशाने बाजूने टाकलेला. छायाचित्र घेताना दोन्ही मजकूर एका चौकटीत यावेत, शेजारच्या कबरी कोणाच्या हेही टिपावे आणि कबरींचा क्रम दाखवणारा आराखडा काढावा. एका घराण्यातली माणसे पुष्कळदा जवळजवळ पुरलेली असतात, त्यामुळे नाव पुसलेल्या कबरीचा अंदाजही शेजाऱ्यांवरून बांधता येतो.